डस्टी स्प्रिंगफिल्डवरचा चोरीचा आळ

साठच्या दशकात गाजलेली ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफिल्ड हिचं नाव निघालं की एक मजकूर हल्ली हमखास पुढे सरकवला जातो. लंडनची ही गोरी बाई अमेरिकेत मेम्फिसला गेली, तिथल्या कृष्णवर्णीय कलावंतांचं सोल संगीत उचललं, कृष्णवर्णीय गायिका अरेथा फ्रँकलिनचं गाणं पळवलं, त्यावर गब्बर झाली आणि १९७० नंतर संपली. एका परिच्छेदात इतकं सगळं चुकवायलाही कसब लागतं.

आधी ते पळवलेलं गाणं. ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’ लिहिलं जॉन हर्ली आणि रॉनी विल्किन्स या दोन गोऱ्या गीतकारांनी. ते अरेथाला देऊ केलं होतं हे खरं, पण तिने नको म्हटलं. डस्टीचं गाणं १९६८ मध्ये आलं आणि गाजलं, त्यानंतर अरेथाने स्वतःही ते गायलं. नाकारलेलं गाणं दुसरीने गायलं तर त्याला पळवणं म्हणत नाहीत.

आता मेम्फिस. सप्टेंबर १९६८ मध्ये तिथल्या अमेरिकन साउंड स्टुडिओत ‘डस्टी इन मेम्फिस’ या अल्बमचं ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा तिथला वादकसंच जवळजवळ सगळा गोरा होता. निर्मात्यांपैकी आरिफ मार्दिन इस्तंबूलचा. मागे गाणाऱ्या ‘स्वीट इन्स्पिरेशन्स’ मात्र कृष्णवर्णीय, आणि त्यांच्याशिवाय तो अल्बम उभाच राहत नाही. खुद्द डस्टीची तिथे बोबडी वळली. नावाजलेला सोल गायक विल्सन पिकेट इथेच उभा राहून गायला होता, असं कुणीतरी तिला कौतुकाने सांगितलं आणि तिचा आवाजच फुटेना. शेवटी तिचं गाणं न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालं. दरोडा घालायला आलेली माणसं इतकी घाबरत नसावीत.

गब्बर झाली म्हणावं, तर ‘डस्टी इन मेम्फिस’ अमेरिकेच्या खपाच्या यादीत ९९ व्या क्रमांकापुढे गेला नाही आणि ब्रिटनच्या यादीत शिरलाच नाही. आज त्याला मिळणारा मान बराच नंतरचा आहे.

तरीही या आळामागे खरं दुखणं आहे, ते झटकून टाकू नये. ‘विशिन अँड होपिन’ कृष्णवर्णीय गायिका डिऑन वॉरविकने १९६३ मध्ये गायलं, तेव्हा ते तबकडीच्या मागच्या बाजूला पडून राहिलं. पुढच्याच वर्षी डस्टीने गायलं आणि अमेरिकेत सहाव्या क्रमांकावर गेलं. गोऱ्या गळ्याला जी दारं चटकन उघडत, त्यांचा फायदा डस्टीला झालाच. ती व्यवस्था तिने उभारली नव्हती, पण तिच्यातून ती कमावत होती. टीका करायची तर इथे करा.

मात्र त्या कमाईचं तिने काय केलं, हे त्या मजकुरात कधीच नसतं. डिसेंबर १९६४ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेत गेली ती करारात अट घालून: वर्णावरून वेगळ्या बसवलेल्या प्रेक्षकांपुढे गाणार नाही. केपटाउनजवळ सगळ्या वर्णांच्या लोकांसमोर गायली आणि सरकारने तिला देशाबाहेर काढलं. तेव्हा मायदेशातही काहींनी नाकं मुरडली. १९६५ मध्ये मोटाउन या अमेरिकन कृष्णवर्णीय संगीत कंपनीचे कलावंत ब्रिटनच्या दौऱ्यावर आले, तर बऱ्याच ठिकाणी खुर्च्या रिकाम्या. त्याच सुमारास ब्रिटिश टीव्हीवर त्यांच्यासाठी खास कार्यक्रम झाला, सूत्रसंचालक डस्टी. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, स्टीव्ही वंडर, मार्था अँड द व्हँडेलाज यांना तिने स्वतःच्या लोकप्रियतेच्या जोरावर घराघरांत नेलं. मला विचाराल तर तिच्या कितीतरी गाण्यांपेक्षा ही एक संध्याकाळ मोठी.

राहिलं ‘१९७० नंतर संपली’. अमेरिकेतली तिची मधली वर्षं दारू आणि गोळ्यांनी पोखरलेली होती, हे कुणी लपवलेलं नाही. पण पेट शॉप बॉइज या ब्रिटिश पॉप जोडीसोबतचं तिचं १९८७ मध्ये आलेलं गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. त्या दोघांनी ते आधीच तयार करून ठेवलं होतं. गायला डस्टीच हवी, म्हणून थांबले होते.