हप्त्यातला बास

ॲम्पची, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरची, किंमत कधीही विचारू नका. हप्ता विचारा. साठ हजार म्हटलं की घशाला कोरड पडते. ‘महिना पाच हजार’ म्हटलं की तोच ॲम्प दूधवाल्याच्या बिलाशेजारी निमूट जाऊन बसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला हे तुमच्याआधी ठाऊक असतं. तो आधी तानपुरा ऐकवतो, मग कार्ड मागतो. हा क्रम मोडू नका.

‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी हप्ते, या दोन शब्दांवर श्रद्धा ठेवा. शून्य टक्के व्याज असा काही प्रकारच नसतो, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना लेखी कळवलं होतं. पण रिझर्व्ह बँकेला गाण्यातलं काय कळतं? हिशेब असा : किंमत ६०,०००, हप्ते १२, व्याज समजा १५ टक्के. दुकान तुम्हाला सुमारे ४,६०० रुपयांची सूट देतं, बँक तेवढंच व्याज लावते. फिटंफाट! उरला त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सव्वाआठशेच्या वर, तो तुमच्या वाट्याला. प्रोसेसिंग फी १९९ धरा, तिच्यावरही जीएसटी. तीच साडेचार हजारांची सूट रोखीने मिळाली असती का, हे मात्र विचारू नका. ‘हो’ म्हणाला तर?

घरी आल्यावर ५० वॉटचा जुना ॲम्प केविलवाणा वाटेलच. लगेच १०० वॉटचा घ्या. आवाज दुप्पट होणार नाही, जेमतेम ३ डेसिबल वाढेल. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. हप्ता मात्र सरळमार्गी आहे. तो दुप्पट म्हणजे दुप्पटच होतो, त्याला लॉगरिदम ठाऊक नाही. (दहा बाय बाराच्या खोलीत, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीवर हे ३ डेसिबल फार खुलतात.)

दोन हप्ते एकदम आले तर कार्डाच्या बिलावर ‘किमान देय’ नावाची एक प्रेमळ ओळ असते. तेवढेच भरा. उरलेल्यावर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. आपल्या गावचा सावकार इतकं मागायला निदान लाजला तरी असता.

आता जुना ॲम्प ऑनलाइन विकायला काढा. पाच मिनिटांत एका ‘फौजी’ साहेबांचा फोन येईल : बदली झालीय, भाव कबूल, ॲम्प बघायचीही गरज नाही, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो द्यायलाच लागतो, असल्या क्षुल्लक शंका काढून देशाच्या जवानाचा अपमान करू नका.

बायकोने किंमत विचारली तर सांगा, ‘सेकंडहँड आहे, मित्राने जवळजवळ फुकटच दिला.’ आणि पाच तारखेला, पगार यायच्या आत ऑटो-डेबिट परत गेलं, की व्हॉल्यूम थोडा वाढवा. मंद्र सप्तकातला षड्ज छातीत घुमू द्या. तेवढ्यात ती स्वयंपाकघरातून ओरडेलच :

‘‘अहो, जरा हळू करा ते! बँकेतून फोन आलाय, कुठल्या मित्राचे साठ हजार म्हणतायत?’’