पेडण्यावर बसलेला फोंडा

गोव्यात तालुके १२ आणि आमच्या भजनस्पर्धेच्या समितीने प्रत्येक तालुक्याच्या समन्वयकाला प्रवेशिकांसाठी पाठवलेला कोरा एक्सेल तक्ता एकच. भरून परत आले ते मात्र १२ स्वभाव. सत्तरीने रकान्यांच्या शीर्षकांवर एक ओळ वाढवून ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ लिहिले, डिचोलीने पखवाजवादक आणि संवादिनीवादक यांना एकाच सेलमध्ये दाटीवाटीने बसवले, तर सासष्टीने शोभेसाठी इतके सेल मर्ज केले की तक्ता लग्नपत्रिकेसारखा दिसू लागला.

या सगळ्याची एक यादी करण्यासाठी मी मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून तेच ते काम आपोआप करून घेणारा छोटासा प्रोग्राम, लिहिला. फोल्डरमधली एकेक फाइल उघडायची, पहिली ओळ शीर्षकांची म्हणून सोडायची, उरलेला मजकूर मुख्य शीटमध्ये शेवटच्या भरलेल्या ओळीखाली ठेवायचा आणि फाइल मिटायची, एवढेच त्याचे काम. परंतु फायलींची नावे देवनागरीत होती, आणि व्हीबीए या मॅक्रो लिहिण्याच्या भाषेतले ‘डिर’ हे जे जुने फंक्शन फोल्डरमधली नावे वाचून दाखवते, त्याला माझ्या संगणकावर अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसत होती. अखेर सर्व तालुक्यांच्या फायलींची नावे मी रोमी, म्हणजे रोमन, लिपीत लिहिली. कोकणी देवनागरीत लिहावी की रोमीत, या लिपीच्या प्रश्नावर गोव्यात काय काय होऊ शकते हे ठाऊक असल्याने समितीच्या बैठकीत त्याची वाच्यता केली नाही.

मग मॅक्रो धावला. सत्तरीतून ‘मंडळाचे नाव’ या नावाचे एक मंडळ दाखल झाले, ज्याचे मुख्य गायक ‘गायकाचे नाव’ हे होते. खरा घोळ मात्र पेडण्याचा. शेवटची भरलेली ओळ शोधताना माझा मॅक्रो अनुक्रमांकाच्या रकान्यात तळापासून वर पाहत येतो, आणि पेडण्याच्या समन्वयकांनी अनुक्रमांकच घातले नव्हते. विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “भाई, देवाच्या दारात कोण पहिला आणि कोण दुसरा?” मॅक्रोला ती जागा रिकामी वाटली आणि रोमी वर्णक्रमाने मागून आलेला फोंडा तालुका थेट पेडण्याच्या डोक्यावर जाऊन बसला.

पुढे शेवटची ओळ मी मंडळाच्या नावावरून शोधायला लावली आणि यादी जुळली. त्याच संध्याकाळी काणकोणहून ‘फायनल सुधारित’ अशी, या खेपेस रोमीतच नाव असलेली फाइल आली आणि समितीतल्या कुणा उत्साही सदस्याने ती जुन्या फाइलीशेजारी ठेवून दिली. मॅक्रोने भेदभाव केला नाही. काणकोणची मंडळे यादीत दोन-दोनदा आली, आणि आमच्या काटेकोर खजिनदारांनी त्यांच्याकडून दुहेरी प्रवेशशुल्क वसूलही केले.