नातवासाठी घेताय का?

‘नातवासाठी घेताय का?’ असं मला भर दुकानात विचारण्यात आलं. माझं वय बावन्न. मुलगी अजून बारावीत आहे. केस पांढरे आहेत, पण आमच्या घराण्यात ते पस्तिशीतच होतात. आता हा सगळा वंशवृत्तांत एका अनोळखी बाईंना उभ्या उभ्या सांगायचा का? मी नुसता हसलो. ते हसणं अजून मला नडतंय.

गेलो होतो रणगाड्याचं किट आणायला. प्लॅस्टिकचे सुटे भाग कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे, असलं. डॉक्टर म्हणाले मोबाइल कमी करा, बायको म्हणाली मग काहीतरी छंद लावून घ्या, एवढीच पूर्वपीठिका. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, ‘पहिल्यांदाच करतोय, एखादा बरासा रणगाडा दाखवा.’ त्यानं फोनमधून डोकं वर काढायच्या आत माझ्या कोपराच्या उंचीवरून आवाज आला,

‘काका, स्केल कुठलं?’

शाळेचा गणवेश, दातांना तारा, एका हातात अर्धा वडापाव. वय फार तर अकरा. वडापावचा हात मात्र त्यानं खोक्यांपासून लांब, पाठीमागे धरला होता. पोरगं शिस्तीचं होतं, हेच तर वाईट. शेजारी स्टुलावर त्याची आई, म्हणजे त्या नातवाच्या बाई.

‘मोठं,’ मी म्हणालो.

त्यानं क्षणभर डोळे मिटले. ‘मोठं असं नसतं काका. वन थर्टी-फाइव्ह म्हणजे खऱ्याच्या पस्तिसावा भाग. वन सेव्हन्टी-टू त्याच्याही निम्मा. ते तुम्ही घेऊ नका. त्यातला हेडलाइट चिमट्यातून उडाला की गेला. तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे ना?’

प्रोग्रेसिव्हच आहे. पण हे लोकांसमोर?

हे पस्तिसाचं खूळ आलं कुठून ते मी घरी येऊन चिडून शोधलं. जपानच्या तामिया कंपनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं किट काढलं. ते मोटरवर चालायचं. आत बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून एक आकार धरला, आणि पुढे मोजून पाहिलं तर तो खऱ्याच्या साधारण पस्तिसावा हिस्सा भरला. मग तेच माप जगभर चालू झालं. म्हणजे बॅटरी बसते म्हणून जपान्यांनी काहीही धरलेलं चालतं, आणि मी ‘मोठं’ म्हणालो तर डोळे मिटतात.

मी सरळ टायगरच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याच्या, खोक्याकडे हात नेला. खोक्यावर धूर, चिखल, मनोऱ्यातून डोकावणारा कमांडर, सगळं झकास होतं.

‘टायगर?’ पोरानं वडापाव आईकडे सोपवला. प्रकरण गंभीर होतं. ‘चाकं मोजलीत?’

‘चाकं कशाला मोजायची?’

‘सुरुवातीच्या टायगरला एका बाजूला चोवीस. एकात एक अडकवलेली. दोन्हीकडची मिळून अठ्ठेचाळीस. प्रत्येकाची रबराची कड ब्रशनं काळी करायची. गोल. बाहेर न जाता. आणि ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा पट्टा, सुट्या कड्यांचा निघाला तर एका बाजूला शहाण्णव कड्या. त्या एकेक कापायच्या, घासायच्या, जोडायच्या. जमणार आहे का?’

‘अहो, त्याचं ऐका,’ बाई स्टुलावरून म्हणाल्या. ‘त्याला सगळं कळतं. गणित सोडून.’

काउंटरवरचा मुलगा आता फोन ठेवून ऐकत होता. पत्ता विचारायला थांबलेला कुरिअरवालाही रेंगाळला. मी विचारलं, ‘आणि चिकटवायला फेविक्विक चालेल ना?’

पोरगं माझ्याकडे बघेना. आईकडे वळून हळूच म्हणालं, ‘आई, हे फेविक्विक म्हणतायत.’

‘असू दे रे,’ बाई म्हणाल्या. आजारी माणसाबद्दल म्हणतात त्या सुरात.

मग मला कळलं, म्हणजे कळवण्यात आलं, की त्यानं प्लॅस्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखे डाग पडतात. किटला वेगळं सिमेंट लागतं, ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. ते किटच्या खोक्यात नसतं. रंग नसतात. कापायला निपर नसतो. खोक्यात पितळेची पातळ नक्षीदार पट्टी दिसली तर ते खोकं नवशिक्यानं गुपचूप खाली ठेवायचं. चित्रात जे जे दिसतं त्यातलं, रणगाड्याचे तुकडे सोडून, काहीच आत नसतं.

मला खरा राग याचाच आहे. आताशा साधी हौस करायलाही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पळायला जावं तर कोणीतरी तुमचा तळपाय बघून ‘हे शूज बंद करा’ सांगतो. कॉफी प्यावी तर बिया कुठल्या मळ्यातल्या ते विचारतात. माणसाला थोडं वाईट करायची मुभा कुठे राहिलेली नाही. आमच्या लहानपणी पतंग फाटका असला तरी उडवत होते, आणि शेजारचा फार तर हसायचा. व्याख्यान देत नव्हता.

मनातून मला हवा होता सेंच्युरियन, आपल्या सैन्यानं वापरलेला ब्रिटिश रणगाडा. नगरला, आता अहिल्यानगर म्हणायचं, सैन्याच्या आर्मर्ड कोअरच्या केंद्रात ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन जपून ठेवलाय. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालांचा. जन्म पुण्याचा, रेजिमेंट पूना हॉर्स, १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत पेटलेल्या रणगाड्यातून बाहेर पडायला ते तयार झाले नाहीत. वय एकवीस. मागाहून परमवीरचक्र मिळालं. मी काउंटरवर विचारलं, ‘आपल्याकडचा सेंच्युरियन आहे का?’

‘इंडियन नाही येत.’

‘विजयंता?’ मी म्हटलं. हा तर भारतातच बनलेला रणगाडा.

‘ते काय असतं?’

शेल्फवर मात्र जर्मनच जर्मन. सबंध महायुद्धात टायगर बनले साडेतेराशेच्या आत आणि अमेरिकेचे शर्मन जवळजवळ पन्नास हजार, पण त्या दुकानात बघाल तर हिटलर जिंकल्यासारखं वाटेल. पुण्यात उभं राहून पुण्यात जन्मलेल्या माणसाचा रणगाडा मागायचा, तर ‘नाही येत’. वर तो पोरगा म्हणाला, ‘सेंच्युरियन मिळाला असता ऑनलाइन, पण भारताचे डिकल, म्हणजे वर चिकटवायच्या खुणा, वेगळे मागवावे लागतात काका.’ या एका वाक्याला मात्र त्याचा आवाज जरा उतरला होता. त्यानंही कधीतरी विचारलं असणार.

ही दिलजमाई अर्धा मिनिट टिकली.

‘तुम्ही टी-थर्टी-फोर घ्या,’ त्यानं खोकं माझ्या हातात ठेवलं. ‘एका बाजूला पाचच मोठ्या चाकांच्या जोड्या. वरची छोटी चाकं नाहीतच. अख्खा हिरवा. आणि मेन म्हणजे रशियन लोकांनी युद्धाच्या घाईत ते कसेही बनवले होते. ओतकाम खडबडीत, वेल्डिंग ओबडधोबड. तुमचं सिमेंट ओघळलं, कड वाकडी बसली, तरी लोकांना खरंच वाटेल.’

कुरिअरवाला हसला. त्याला काय कारण होतं?

मी टी-३४ घेतला. निपर घेतला, सिमेंट घेतलं, पॉलिश पेपर घेतला. पोरगं एकेक वस्तू काउंटरवर आणून ठेवत होतं आणि मी यूपीआयचा आकडा फुगताना बघत होतो. ‘जोडायच्या आधी भांड्याच्या साबणानं सगळे भाग धुवा, साच्याचं तेल असतं,’ ही सूचना फुकट मिळाली. मग त्यानं स्वतःचं खोकं काउंटरवर ठेवलं. टायगर. आतल्या इंजिनासकट, सुट्या कड्यांचा. बाईंनी किंमत न बघता पैसे दिले.

आमचं खोकं कपाटावर आहे. बायको रोज विचारते, आणलंय तर करा ना. कसं करू? त्यात सिमेंट ओघळलं आणि लोक खरंच ‘वा, अगदी ओरिजिनल’ म्हणाले, तर त्या पोराचं बरोबर ठरेल.