प्लेटलेटच्या आधीची ओळ

गणपती गेले की आमच्या लॅबच्या खिडकीवर एकच प्रश्न. "दादा, प्लेटलेट किती आल्या?" पेशंटचं नाव नाही, पावती नाही, थेट प्लेटलेट. अठरा वर्षं जांभळ्या झाकणाच्या बाटल्या हाताळतोय, म्हणून आज जरा कडू बोलतो. डेंग्यूत आपण सगळे चुकीच्या आकड्याच्या मागे धावतोय.

परवा एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. चौथ्या दिवशी ताप उतरलेला, प्लेटलेट ९२ हजार. "लाखाच्या आसपास आहेत ना, मग घरीच ठेवतो." पोरगी बाकावर आईच्या मांडीवर कलंडलेली. पोट दुखतंय, सकाळपासून तीनदा उलटी, हात गार. मी रिपोर्टची वरची ओळ बघितली. एचसीटी पहिल्या दिवशी ३६ होतं, आता ४४. निदान करणं माझं काम नाही, पण डॉक्टरांना फोन करणं आहे. केला. पोरीला त्याच दुपारी सलाईन लागलं. प्लेटलेटची एकही पिशवी न चढवता चार दिवसांनी ती घरी गेली.

एचसीटी, कुणी पीसीव्ही म्हणतात, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती. डेंग्यूत बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, पातळ भाग बाहेर जातो आणि उरलेलं रक्त आटलेल्या आमटीसारखं दाट होतं, लघवीही कमी होते. एचसीटी मूळच्यापेक्षा २० टक्क्यांनी वाढलं की डॉक्टरांचे कान टवकारतात. आणि हे बहुधा ताप उतरताना होतं, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. आपण मात्र ताप गेला म्हणून पेशंटला वरण-भात देऊन निर्धास्त होतो.

याच्या उलट आमच्या सोसायटीतला एक मुलगा. प्लेटलेट २८ हजार, पण उठून बसलेला, इडली खातोय, एचसीटी जागच्या जागी, कुठून रक्त नाही. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर रक्तदात्यांसाठी हाकाटी, आणि पिशवी चढवत नाहीत म्हणून नातेवाईक डॉक्टरांच्या अंगावर. सिंगापूर आणि मलेशियात याचा रीतसर अभ्यास झालाय, २०१७ साली प्रसिद्ध झाला. रक्तस्राव नसताना नुसता आकडा बघून प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास वाढले. पण हे त्या काकांना जिन्यात उभं राहून कोण समजावणार?

शिवाय आकडाही कधीकधी फसवतो. एकाच्या मशीनवर १८ हजार आल्या, माणूस ठणठणीत. स्लाइड बघितली तर प्लेटलेटचे गुच्छच्या गुच्छ. रक्त गोठू नये म्हणून बाटलीत जे औषध असतं, त्यामुळे त्या एकमेकींना चिकटल्या होत्या, मशीनला मोजता येईनात. निळ्या झाकणाच्या बाटलीत पुन्हा रक्त घेतलं, दीड लाखाच्या वर.

एनएस१, म्हणजे रक्तात डेंग्यूच्या विषाणूचं प्रोटीन शोधणारी टेस्ट, तिचंही तेच. ती टेस्ट पहिल्या चार-पाच दिवसांत कामाची. लोक सातव्या दिवशी करतात, निगेटिव्ह आली की "डेंग्यू नाही" म्हणून पेढे. तेव्हा आयजीएम, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली अँटिबॉडी, बघायची असते. पांढऱ्या पेशी तर बऱ्याचदा प्लेटलेटच्या आधीच घसरतात, त्या ओळीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

पपईच्या पानांबद्दल बोललो तर घरच्यांशीच भांडण होईल. प्लेटलेट बहुतेकदा सातव्या-आठव्या दिवशी आपसूक चढायला लागतात, श्रेय पपईला. पण आधीच ओकणाऱ्या माणसाच्या घशात तो कडू रस ओतू नका. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर अजिबात नको. पॅरासिटामॉल, तेही सांगितलं तेवढंच.

हे लिहितानाच फोन वाजला. "सकाळी रक्त दिलं होतं, प्लेटलेट किती आल्या?" सांगतो म्हटलं, पण आधी तुम्ही सांगा, पेशंटला शेवटची लघवी कधी झाली? पलीकडे शांतता. मग लांबून बायकोला विचारल्याचा आवाज.