शिष्यवृत्तीबाबतच्या आपल्या अभिप्रायास संस्थेचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

बी.एस्सी.च्या प्रवेशावेळी आम्ही पूर्ण फी भरून घेतली, कर्नाटकातील उचगावच्या वर्गमैत्रिणीच्या खात्यात शिष्यवृत्ती जमा झाली तरी महाराष्ट्रातील शिनोळीच्या आपल्या मुलीला एक पैसाही मिळाला नाही, तेव्हा ती रक्कम महाविद्यालयानेच दाबून ठेवली असणार, असे आपण एक तारा देऊन लिहिले आहे. फी घेतली हे खरे. रक्कम दाबल्याचा आरोप मात्र आम्हास मान्य नाही, कारण ती आमच्या हातून जातच नाही.

कर्नाटक शासनाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज एसएसपी (स्टेट स्कॉलरशिप पोर्टल) या संकेतस्थळावर भरावा लागतो आणि मंजूर रक्कम थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. अर्जात जात व उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी क्रमांक, म्हणजे दाखल्यावर छापलेला ओळख क्रमांक, मागितला जातो. तो नाडकचेरीच्या (कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालयाच्या) दाखल्यावर असतो, चंदगड तहसीलच्या दाखल्यावर नसतो, त्यामुळे आपल्या मुलीचा अर्ज पुढे सरकणे शक्यच नव्हते. दोन्ही गावांची माणसे वेंगुर्ला रस्त्यानेच बेळगावात येतात, पण मधून राज्याची हद्द जाते. (2023 पासून कर्नाटकातील महिलांसाठीच्या शक्ती योजनेमुळे मैत्रिणीचा बसप्रवास मोफत आणि आपल्या मुलीला मात्र तिकीट, हा भेद आम्हालाही खटकतो, पण तो मिटवणे कोणत्याही महाविद्यालयाच्या हाती नाही.) माहितीपुस्तिकेतही ही शिष्यवृत्ती कर्नाटकातील रहिवाशांसाठी असल्याचे छापलेले आहे.

आपण अनुसूचित जातीच्या प्रवर्गात येत असाल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 2.5 लाख रुपयांपर्यंत असेल, तर केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती परराज्यात शिकतानाही मूळ राज्याकडूनच मिळते. त्यासाठी महाराष्ट्राच्या समाजकल्याण विभागाकडे चौकशी करावी. लागणारे बोनाफाईड प्रमाणपत्र आणि फीचा तपशील कार्यालय त्याच दिवशी देईल.

राहिला प्रश्न फीचा. पावतीवर शिकवणी, प्रयोगशाळा आणि विद्यापीठ अशी शुल्के वेगवेगळी दाखवलेली असतात. त्यांतले विद्यापीठाचे शुल्क आम्ही राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे भरतो, ते माफ करण्याचा अधिकार आम्हाला नाही. शिकवणी शुल्कात संस्था स्वतःच्या निधीतून सवलत देते, आणि ती देताना घर हद्दीच्या अलीकडे की पलीकडे हे पाहिले जात नाही. उत्पन्नाचा दाखला आणि मागील परीक्षेचे गुणपत्रक पाहिले जाते. असा अर्ज आपल्याकडून अद्याप आलेला नाही. पुढील वर्षाची फी तीन हप्त्यांत भरण्याची मुभाही मिळू शकेल. मूळ पावती, रेशनकार्ड आणि तहसीलचा दाखला घेऊन कार्यालयीन वेळेत यावे. चंदगडचा दाखला या सवलतीसाठी चालतो.

आपला,
अध्यक्ष, संस्था व्यवस्थापन मंडळ