सगळंच कसं काय हॉन्टेड?

सोलापुरात एखादी इमारत काही वर्षं बंद राहिली आणि तिच्या खिडकीतून पिंपळ बाहेर आला, की तिच्यावर 'हॉन्टेड'चा शिक्का बसलाच म्हणून समजा. बंद गिरण्या, पडके वाडे, शहराबाहेरची एखादी विहीर, काहीही चालतं. मोबाइलची बॅटरी लावायची, धापा टाकायच्या, मागं कुत्रं रडल्याचा आवाज जोडायचा, झाली रील. भुतांच्या गोष्टींचं मला वावडं नाही, उलट आवडच आहे. माझी तक्रार एवढीच, की या रीलमध्ये भूतच नसतं.

आपल्याकडं नुसतं 'भूत' म्हणून कुणी थांबत नव्हतं. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधीच गेलेला पोरगा, मुक्काम पिंपळावर. समंधाचा जीव पैशात नाहीतर वाड्यात अडकलेला. रात्री शिवारात फिरवून फिरवून पुन्हा त्याच बांधावर आणून सोडतो तो चकवा. विहिरीकाठच्या साती आसरांना तर भूत म्हणायचीही सोय नाही, त्यांना खण-नारळ. नाव घेतलं की कोण, कसं गेलं, काय राहून गेलं, सगळं कळायचं. हडळ म्हणजे बहुतेक वेळा बाळंतपणात गेलेली बाई. हडळी एवढ्या का होत्या, हे त्या काळातल्या बाळंतपणांना विचारा. बिचारी जिवानिशी गेली ती गेली, वर लोकांनी तिचेच पाय उलटे केले.

'हॉन्टेड'मध्ये यातलं काहीच नाही. फक्त इमारत. मराठीत झपाटतं ते माणूस, घर नव्हे. जागेबद्दल आपण एवढंच म्हणतो, "हाय म्हणं तिथं." कोण हाय ते सांगायचं नाही. भुताला शहराच्या पूर्व भागात तेलुगूत 'देय्यम', कन्नड घरात 'देव्व', आणि शेवटी सगळे मिळून, "जाऊ नको बे तिकडं."

एका बाबतीत मात्र इंग्रजी शब्द बरा. घराला हॉन्टेड म्हटलं तर फार तर भाडं उतरतं. बाईला 'बाहेरचं लागलंय' म्हटलं की तिला झोडपतात, मिरच्यांची धुरी देतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली असले प्रकार करणं 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलंय, ते उगाच नाही.

गंमत म्हणजे इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला तेव्हा त्यात भूत नव्हतंच. एखाद्या ठिकाणी सारखं जाणं-येणं, एवढाच अर्थ. नेहमीच्या अड्ड्याला इंग्रजीत आजही 'हॉन्ट' म्हणतात. भुतं त्यात नंतर राहायला आली. मनातून न जाणारी आठवण, डोक्यात घोळत राहणारा सूर, तेही 'हॉन्टिंग'च.

हे अर्थ धरले तर आपल्या गिरण्या हॉन्टेड आहेत, मला मान्य आहे. 'जुनी मिल' नावाची गिरणी 1877 साली सुरू झाली. पुढं आणखी गिरण्या आल्या आणि भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायला लागलं. पाळी सुटली की रस्ता भरून माणसं. मागांवरचे साचे खात्यातले, गैरहजरांच्या जागी लागणारे बदलीवाले, त्यांच्यावर नजर ठेवणारे जॉबर. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली तेव्हा गिरणी कामगार काम टाकून रस्त्यावर आले, शहरात मार्शल लॉ लागला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. मग एकेक गिरणी बंद पडत गेली. किती घरांची देणी राहिली, किती पोरांची शाळा सुटली. अडकून राहिलेलाच जीव शोधायचा तर इथं तोटा नाही. आणि रीलमध्ये काय? "गाईज, टेंपरेचर अचानक ड्रॉप झालंय." अरे, जानेवारीत रात्री दोन वाजता टेंपरेचर ड्रॉप नाही होणार तर काय होणार?

तर रीलवाल्या पोरांनो, दिवसा जा. आसपासच्या टपरीवर सत्तरीपुढचे कुणी काका बसलेले असतात. त्यांना विचारा, "काका, कुठल्या खात्यात होता?" आणि मोबाइल सुरू ठेवा, तासभर तरी. रात्रीच जायची खाज असेल तर पायात बूट घाला. गवतात साप निघतात.