पॉम्पेईच्या मेलेल्यांना पापी म्हणणं थांबवा

‘इ.स. ७९ मध्ये पॉम्पेई शहर व्यभिचाराच्या पापामुळे एका क्षणात नष्ट झालं. माणसं जागच्या जागी दगड झाली. तिथं लक्ष्मीचं देऊळ होतं.’ हा मेसेज काल मामींनी घरच्या ग्रुपवर टाकला. त्यांच्या आठ वर्षांच्या नातीनं तो वाचून मला विचारलं, ‘मग तिथली लहान मुलंपण पापी होती का?’

नव्हती. कुणीच त्या कारणानं मेलं नाही.

पहिलं म्हणजे ‘एका क्षणात’ काहीच झालं नाही. पॉम्पेई हे इटलीतलं रोमन शहर. सतरा वर्षांचा रोमन तरुण प्लिनी तेव्हा खाडीपलीकडे मिसेनम गावी होता. त्यानं पुढे टॅसिटस या इतिहासकाराला लिहिलेली दोन पत्रं आजही उपलब्ध आहेत, ती वाचा. दुपारी शहराजवळच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर पाइन वृक्षासारखा ढग उभा राहिला. पॉम्पेईवर कित्येक तास हलके दगड आणि राख पडत राहिली, छपरं कोसळली. जीवघेणा तप्त राखेचा लोट शहरात शिरला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर हजारो लोक निसटले होते. व्यभिचारी तेवढे मागे राहिले आणि सज्जन तेवढे सुटले, असं म्हणायचं आहे का?

त्यातल्या एका पत्रात प्लिनीच्या मामाची हकिकत आहे. थोरला प्लिनी आरमाराचा प्रमुख. आधी तो कुतूहलापोटी निघाला होता, पण रेक्टिना नावाच्या बाईची मदतीची चिठ्ठी आली आणि त्यानं माणसं वाचवायला जहाजं काढली. स्टेबियाच्या किनाऱ्यावर त्याचा जीव गेला. त्याचं पाप कोणतं? प्लिनी हेही लिहितो की लोक देवांपुढे हात पसरत होते. अशा माणसांना दोन हजार वर्षांनी घरबसल्या पापी ठरवायला जीभ धजते कशी, याचा मला खरंच राग येतो.

पॉम्पेईत कुंटणखाना होता, हे मान्य. तो रोममध्येही होता, आणि रोमवर ज्वालामुखी फुटला नाही.

माणसं दगड झाली नाहीत. राखेत देह कुजून पोकळ्या राहिल्या. १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ फिओरेल्लींनी त्यांत प्लास्टर ओतलं. ‘दगड झालेली माणसं’ म्हणतात ते हे प्लास्टरचे आकार.

लक्ष्मीचं थोडं खरं आहे. १९३८ मध्ये एका घरात वीतभर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. म्हणजे व्यापार होता. देऊळ नव्हतं.

सोन्याचं कडं घातलेली ‘आई’ आणि तिच्याजवळचं मूल, हा त्या प्लास्टरच्या आकारांपैकीच एक ठसा खूप प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये डीएनए तपासला तेव्हा ती ‘आई’ पुरुष निघाली, आणि मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. मेलेल्यांबद्दल नुसत्या अंदाजानं काही ठरवलं की असं चुकतं.

मामी, तो मेसेज काढून टाका. रविवारी येतो तेव्हा नातीला प्लिनीचं पत्र वाचून दाखवतो, तुम्हीही बसा.